पुरात भिजलेल्या चावीच्या ग्रामोफोनची दुरुस्ती

चावीचा ग्रामोफोन दुरुस्त करणारा माणूस सांगली-मिरजेत मला सापडला नाही. जुनी मंडळी ज्यांची नावं सांगत होती, त्यांतलं आता कुणीच राहिलेलं नाही. तरीही आमचा ग्रामोफोन जानेवारी २०२४ पासून व्यवस्थित वाजतो आहे. लेथवाले, तंबोऱ्यांचे कारागीर, हार्मोनियम दुरुस्त करणारे आणि आमचे सुतारकाका, अशा चौघांच्या हातून ते काम थोडंथोडं होत गेलं. मधली धावपळ, सोपी कामं आणि बरीचशी स्वच्छता मी केली. घरात असं एखादं यंत्र माळ्यावर पडून असेल आणि हात कुठून घालावा हे कळत नसेल, तर आमचं काम कसं झालं ते वाचून थोडा धीर येईल, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

आमचा ग्रामोफोन आजोबांनी घेतलेला. एच.एम.व्ही.चं टेबल मॉडेल, सागवानी पेटी, वर झाकण. बाहेर पितळी कर्णा नाही, तो पेटीच्या आतच बसवलेला आहे आणि पुढची दोन दारं उघडली की आवाज बाहेर येतो. सांगलीच्या गावभागातल्या घरात तो तळमजल्यावरच्या कपाटाच्या खालच्या फळीवर असायचा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमचा तळमजला पाण्यात होता. पाणी ओसरल्यावर गाळातून आधी कागदपत्रं आणि भांडी निघाली, मग ही पेटी. वडिलांनी ती पुसून, सावलीत वाळवून मिरजेला आत्याकडे नेऊन ठेवली. २०२१ चा पूर आला तेव्हा ती तिकडेच होती, म्हणून दुसऱ्यांदा भिजली नाही.

जुलै २०२३ मध्ये आत्या म्हणाली, "अगं, हे एकदा उघडून तरी बघ. नाहीतर भंगारवाला रोज विचारतोच आहे." त्याच आठवड्यात मी पेटी सांगलीला आणली.

सर्वांत आधी सांगायची गोष्ट : चावी फिरवून बघू नका. घरात कुणीही आलं की त्याचा हात आपसूक चावीकडे जातो, म्हणून मी ती काढून कुलपात ठेवली. बरीच वर्षं बंद असलेल्या यंत्रात स्प्रिंग अर्धवट ताणलेली असू शकते. ताण आहे आणि गंजामुळे चाकं अडकली आहेत, अशा अवस्थेत आणखी चावी दिली तर दाते तुटतात किंवा स्प्रिंग तुटते. थाळी, म्हणजे तबकडी ठेवायची गोल चकती, फिरत नसेल तर आत ताण शिल्लक आहे असंच धरून चालायचं.

आमची थाळी अजिबात हलत नव्हती. वरची हिरवी बनात (जाड लोकरी कापड) बुरशीने काळी पडली होती. थाळी मधल्या निमुळत्या दांड्यावर नुसती बसवलेली असते, ती सरळ वर उचलायची. पण गंज धरल्यावर ती सहज सुटत नाही. गंज सोडवणारं तेल दांड्याच्या मुळाशी थोडंथोडं सोडलं आणि रोज सकाळी दोन्ही हातांनी सारखा जोर लावून बघितलं. स्क्रू ड्रायव्हरने एका बाजूने उचकटायचा मोह आवरायला हवा, कारण दांडा वाकला की थाळी आयुष्यभर डगमगते. चौथ्या-पाचव्या दिवशी ती निघाली. खालच्या मोटरला जिथेजिथे आस बसवलेले दिसले तिथेही तेल दिलं. मग ब्रेक सोडून ठेवला. एका रात्री बारीक करकर ऐकू आली म्हणून जाऊन बघितलं, तर दांडा अगदी हळू, आपणहून फिरत होता. आतला राहिलेला ताण सुटत होता. पाच मिनिटं मी नुसती उभी राहून ते बघत होते.

ताण पूर्ण सुटल्याची खात्री झाल्यावरच मोटर बाहेर काढली. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलवर फोटो काढले आणि एका वहीत चित्र काढून त्यावर स्क्रूंचे नंबर घातले. फोटोत कुठला स्क्रू लांब आणि कुठला आखूड हे कळत नाही, वहीत कळतं. स्क्रू जपून ठेवा. ते जुन्या ब्रिटिश मापाच्या आट्यांचे असतात, आज दुकानात मिळणारे मिलिमीटरचे स्क्रू त्यांत बसत नाहीत, आणि जोराने बसवले तर भोकातले आटेही जातात. आमचा एक स्क्रू गंजून गेलाच होता, तो पुढे लेथवर करून घ्यावा लागला. स्क्रू ड्रायव्हरचं तोंड खाचेत घट्ट बसणारं हवं, म्हणून एका जुन्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक घासून घेतलं.

आता यंत्राची रचना थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं समजेल. चावी फिरवली की गोल डब्यात गुंडाळलेली पोलादी पट्टी आवळली जाते. ती सुटताना डबा फिरतो, डब्याचे दाते पुढच्या चाकांना फिरवतात आणि थाळीचा दांडा फिरतो. वेग सारखा ठेवायचं काम गव्हर्नर करतो. एका आडव्या दांड्यावर तीन पातळ पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीच्या मध्ये एक वजन. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात, पट्ट्या वाकतात आणि त्यांना जोडलेली चकती सरकून चामड्याच्या एका गादीवर घासते. तिथेच वेग अडतो. पुढचं वेग कमी-जास्त करायचं बटण ही गादी मागेपुढे करतं, बाकी काही नाही. वीज नाही, बॅटरी नाही, तरी मिनिटाला ७८ फेऱ्यांचा वेग धरून राहतो. ही रचना समजली तेव्हापासून मला या कामात खरी गोडी लागली.

स्प्रिंगमध्ये ताण असताना गव्हर्नर कधीही सोडवू नका. त्याने अडवलेली सगळी ताकद एकदम सुटते आणि चाकं भन्नाट वेगाने फिरून दाते झडतात. बोट मध्ये असेल तर काय होईल ते सांगायला नको.

आमच्या मोटरला दोन डबे, म्हणजे दोन स्प्रिंग. डबे उघडायचं काम मी केलं नाही. कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर काम करणारे एक मिस्त्री वडिलांच्या ओळखीचे, त्यांच्याकडे नेलं. ग्रामोफोन त्यांनी कधी उघडला नव्हता, पण स्प्रिंगची ताकद त्यांना माहीत होती. जाड हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, आणि शेडबाहेर मोकळ्या जागेत. डबा व्हाइसमध्ये हलका धरून, आतलं टोक पकडीने धरून, पट्टी वेढ्यावेढ्याने बाहेर सोडली. एक इंच रुंदीची ती पट्टी, बाहेर येताना प्रत्येक वेढा हाताला हिसका देत होता. आतलं ग्रीस वाळून जुन्या गुळाच्या ढेपेइतकं घट्ट झालं होतं. वेढे त्यात चिकटून बसले की चालू यंत्रात मध्येच 'धप्प' असा आवाज येतो आणि गाणं क्षणभर हेलकावतं. तुमच्या यंत्रात तसं होत असेल तर स्प्रिंग तुटलेली असेलच असं नाही, बऱ्याचदा फक्त ग्रीस बदलायचं असतं.

आमच्या दोन्ही स्प्रिंग तुटल्या होत्या. एक आतल्या टोकाजवळ, म्हणजे जिथे ती मधल्या आकड्यात अडकते तिथे. दुसरी बरोबर मध्यावर. टोकाजवळ तुटलेली वाचवता येते : तेवढंच टोक लाल करून हळूहळू थंड होऊ द्यायचं म्हणजे ते मऊ पडतं, मग कापून नवं भोक पाडायचं. मिस्त्रींनी ते करून दाखवलं. पण गंजाचे खड्डे पट्टीवर ठिकठिकाणी होते, आणि ते म्हणाले, "ताई, आज जोडून देतो, पण पुढच्या वर्षी दुसरीकडे तुटेल. मोटर पुन्हा पुन्हा उघडायची नसेल तर दोन्ही नव्या घाला." त्यांचं ऐकलं. त्या दिवसाच्या कामाचे आणि पुढे केलेल्या स्क्रूचे मिळून त्यांनी बाराशे रुपये घेतले.

नवीन स्प्रिंग इंग्लंडमधून मागवली. तिथे या यंत्रांचे सुटे भाग करणारी आणि विकणारी माणसं अजून आहेत. ऑर्डर देण्याआधी मॉडेलच्या नावावर विसंबू नका, माप घ्या. पट्टीची रुंदी, व्हर्नियरने मोजलेली जाडी, पूर्ण उलगडून लांबी, डब्याचा आतला व्यास, आणि दोन्ही टोकांना भोक आहे की आकडा, भोक असेल तर त्याचा आकार. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या वर्षी वेगळ्या मोटर बसवलेल्या असतात, शिवाय आधी कुणी दुरुस्ती केलेली असू शकते. मी तुटलेल्या टोकांचे फोटो फुटपट्टी शेजारी ठेवून पाठवले. विक्रेत्याने उलट दोन प्रश्न विचारले, तेव्हा खात्री पटली की माणूस जाणकार आहे.

ऑगस्टच्या शेवटी पैसे भरले. सप्टेंबरच्या मध्यावर कस्टमकडून कागद आला : पार्सलमध्ये काय आहे, किंमत किती, वैयक्तिक वापरासाठी आहे का, आणि ओळखपत्राची प्रत. मी आधारची प्रत, विक्रेत्याचं बिल, पैसे भरल्याची पावती आणि 'घरच्या जुन्या ग्रामोफोनचे सुटे भाग, विक्रीसाठी नाहीत' असं एका ओळीचं सहीचं पत्र पाठवलं. बिलावर वस्तूचं नाव स्पष्ट असावं असं विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा. नुसतं 'सुटे भाग' लिहिलं तर प्रश्न वाढतात. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पोस्टमनकाका पार्सल घेऊन आले, कराची रक्कम दारातच भरली. दोन स्प्रिंग, टपालखर्च आणि कर मिळून साडेसात हजारांच्या आसपास गेले. सगळ्या कामातला हा सर्वांत मोठा खर्च.

त्या दोन महिन्यांत बाकीचं चालू होतं. चाकं, डबे, गव्हर्नर, सगळं मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवून जुन्या दात घासायच्या ब्रशने धुतलं. रेशनवर रॉकेल मिळत होतं तेव्हाची जुनी माणसं रॉकेलच सांगतात, पण आता ते मिळवणं कठीण आहे. पुराचा बारीक गाळ चाकांच्या दात्यांत सिमेंट होऊन बसला होता. तो लाकडी टूथपिकने काढला, कारण सुईने पितळेवर ओरखडे उठतात. निकेलचा मुलामा असलेल्या भागांना चिंच किंवा पावडर लावू नका. पितळेच्या भांड्यांना जे चालतं ते इथे मुलामा काढून टाकतं. मऊ कापड, थोडं तेल आणि वेळ, एवढंच.

गव्हर्नरची चामड्याची गादी वाळून दगड झाली होती. मिरजेत हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात गेले. हार्मोनियमच्या पट्ट्यांखाली लावायचं पातळ, मऊ चामडं त्यांच्याकडे होतंच. मी गव्हर्नर टेबलावर ठेवला, त्यांनी तो बोटाने फिरवला, गादी कुठे घासते ते बघितलं आणि एक शब्दही न विचारता मापाचा तुकडा कापून चिकटवून दिला. पन्नास रुपये. त्या गादीला दोन थेंब तेल लावायचं, कोरडी राहिली तर यंत्र चिरकतं. तीनही पातळ पट्ट्या धड आहेत ना हे तेव्हाच तपासून घ्या. एक वाकडी असली तरी गाणं थरथरतं.

साउंडबॉक्स हा सगळ्यात नाजूक भाग. पिन जिथे बसते तो गोल डबीवजा तुकडा. आमचा चौथ्या क्रमांकाचा, म्हणजे आत अभ्रकाची चकती असलेला. पिन तबकडीच्या खाचेत डावी-उजवीकडे थरथरते, तिला जोडलेली दांडी ती थरथर अभ्रकाच्या मध्यापर्यंत नेते, आणि अभ्रक हवा हलवतो. आवाज म्हणून आपण जे ऐकतो त्याची सुरुवात इथे होते, कर्णा तो फक्त मोठा करतो. आमच्या अभ्रकाचे थर कडेने सुटून पांढरे झाले होते, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या रबराच्या कड्या कडक होऊन तुकड्यांत निघाल्या. रबरासाठी सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक नळी घेतली, परिघाएवढी कापून दोन्ही बाजूंनी बसवली. अभ्रक मोटर वाइंडिंग करणाऱ्याकडे मिळाला. इस्त्रीत घालतात तो तुकडे चिकटवून केलेला पत्रा चालत नाही, एकसंध आणि पारदर्शक हवा. ब्लेडने एकेक थर सोडवत जुन्या चकतीइतका पातळ केला, कात्रीने गोल कापला, मध्ये सुईने भोक पाडलं. मधल्या बारीक स्क्रूभोवती मेणाचा थेंब सोडून फट बुजवली. मधमाश्यांचं मेण हवं, मेणबत्तीचं ठिसूळ असतं.

पिनच्या दांडीचे स्क्रू बसवताना सर्वांत जास्त सबुरी लागली. दांडी अभ्रकाला ढकलतही नसावी आणि ओढतही नसावी, आपल्या जागी सहज राहावी. स्क्रू घट्ट झाला की आवाज पत्र्याचा येतो, सैल राहिला तर खरखर. पिनच्या जागी नख लावून हलकेच टिचकी मारायची आणि साउंडबॉक्स कानाशी धरायचा. बरोबर जमलं की 'टप्' असा भरीव आवाज येतो. हे हाताला कळेपर्यंत अनेक संध्याकाळी गेल्या.

आता पेटीकडे येते, कारण मला काळजी यंत्रापेक्षा लाकडाची होती. तळाची फळी फुगून मध्ये वर आली होती, कोपऱ्यांचे सांधे सुटले होते, झाकणावर पांढुरके ढग पसरले होते. दोन-तीन ठिकाणी सल्ला मिळाला की सगळं पॉलिश घासून काढा आणि नवं चकचकीत मारा. मला ते पटत नव्हतं. मिरजेला आत्याच्या गल्लीपासून जवळच तंबोरे-सतार करणाऱ्यांची दुकानं आहेत. तिथल्या एका वयस्कर कारागिरांना झाकण दाखवायला घेऊन गेले. चाचांनी ते उजेडात तिरकं धरलं, आतल्या कडेला जिथे दिसणार नाही तिथे कापसाने स्पिरिटचा एक थेंब लावला आणि अर्ध्या मिनिटाने बोट टेकवलं. बोट चिकटलं. "लाखेचं आहे," ते म्हणाले. "आम्ही तंबोऱ्याला लावतो तेच. हे खराब झालेलं नाही, पाणी प्यालं आहे. घासू नको बेटी, परत बसव."

लाखेच्या पॉलिशचा हा मोठा गुण आहे. ते स्पिरिटमध्ये केव्हाही पुन्हा विरघळतं. म्हणजे जुनंच पॉलिश थोडं मऊ करून परत सपाट बसवता येतं आणि जिथे झिजलं आहे तिथेच नव्या लाखेची भर घालता येते. आजकालचं मेलामाइन किंवा पीयू पॉलिश एकदा बिघडलं की खरवडल्याशिवाय गत्यंतर नाही. तेव्हा कुणाच्याही हातात पेटी देण्याआधी ही थेंबाची परीक्षा जरूर करा.

चाचांनी दुसरी गोष्ट बजावली : पावसाळ्यात पॉलिशला हात लावायचा नाही. हवेतली ओल लाखेत अडकते आणि नवं पॉलिशही पांढरं पडतं. म्हणून आधी सुतारकाम. आमच्या सुतारकाकांनी सुटलेले सांधे गरम पाण्याच्या फडक्याने मोकळे केले, जुना सरस पुसून काढला आणि नवा सरस लावून क्लॅम्पमध्ये आवळले. ते फेव्हिकॉल वापरणार होते, मी विनंती करून सरस लावायला सांगितला. सरसाचा सांधा उद्या पुन्हा उघडावा लागला तर पाण्याने आणि उबेने उघडतो, फेव्हिकॉलचा उघडताना लाकूड फाटतं. काकांनीही मान्य केलं, फक्त सरस शिजवायचं जुनं भांडं शोधायला त्यांना आठवडा लागला. तळाची फळी मात्र वाचली नाही. जुन्या खिडकीच्या चौकटीतलं सागवान त्यांच्याकडे होतं, त्यातून नवी फळी केली. जुनं लाकूड वाळून स्थिरावलेलं असतं, ते सहसा पुन्हा वाकत नाही. मजुरी आणि लाकूड मिळून अडीच हजार. भिजलेलं लाकूड उन्हात मात्र कधीही ठेवू नका, एका बाजूने आधी वाळतं आणि तडकतं.

दिवाळी झाली, हवा कोरडी झाली, आणि नोव्हेंबरच्या शेवटी पॉलिशला सुरुवात केली. पहिला दिवस चाचांच्या दुकानात शिकण्यात गेला. चपडी लाख स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून, दुसऱ्या दिवशी मलमलीतून गाळून घ्यायची. कापसाचा गोळा जुन्या मऊ सुती कापडात बांधायचा, कापडाची घडी खालून येता कामा नये. गोळ्यात लाख मुरवायची, वरून टपकवायची नाही. मग लाकडावर हात आधी चालता ठेवूनच टेकवायचा आणि चालता असतानाच उचलायचा. मध्येच थांबला की तिथे डाग राहतो. गोळा अडकायला लागला तर तळाला तेलाचा एक थेंब. पातळ थर, मग थांबायचं, पुन्हा पातळ थर. ढगांवर त्यांनी आधी जवळजवळ नुसत्या स्पिरिटचा गोळा झरझर फिरवला, आणि माझ्यासमोर तो पांढुरका डाग आत विरून खालचे सागवानाचे रेषे वर आले. मी तिथेच "चाचा!" म्हणून ओरडले. ते हसले आणि गोळा माझ्या हातात दिला.

झाकणाच्या आतल्या बाजूला कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचं ते प्रसिद्ध चित्र आहे. फ्रान्सिस बॅरॉडने आधी हे चित्र काढलं तेव्हा कुत्र्यासमोर नळकांड्याचा फोनोग्राफ होता, ग्रामोफोन कंपनीने चित्र विकत घेताना त्याजागी तबकडीचं यंत्र रंगवून घेतलं. आमच्याकडचा ठसा एका कडेला उडाला आहे. त्याच्याभोवती कागदी टेप लावून तो भाग पूर्ण सोडला. स्पिरिटचा ओला हात लागला तर असा ठसा क्षणात जातो, आणि बाजारातला नवा स्टिकर लावून ती जागा भरायची माझी इच्छा नाही. पॉलिशचं सामान, गाळायचं कापड, सगळं धरून नऊशे रुपये झाले. चाचांनी शिकवण्याचे पैसे घेतले नाहीत.

हाच धागा धरून एक इशारा. ७८ फेऱ्यांच्या आपल्याकडच्या जुन्या तबकड्याही लाखेच्या आहेत. लाखेत दगडाची बारीक भुकटी मिसळून त्या दाबून काढत. म्हणून तबकडी पुसायला स्पिरिट किंवा सॅनिटायझर चुकूनही वापरू नका, खाचा विरघळतात. थंड पाणी, साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने, मधलं लेबल कोरडं ठेवून, आणि उभी करून वाळवणं. पुरातून निघालेल्या आमच्या तबकड्यांपैकी निम्म्याच हाती लागल्या. लेबलं गेली असली तरी बऱ्याच वाजतात.

डिसेंबरमध्ये मोटर जुळवली. स्प्रिंग भरायलाही मिस्त्रीच, ग्राफाइटचं ग्रीस घालून. गव्हर्नरच्या दोन्ही टोकांना शिलाई मशीनचं तेल. कर्ण्याकडे जाणाऱ्या नळीचा सांधा हवा सोडत होता, तिथे व्हॅसलीनचा पातळ थर दिला आणि आवाजात लगेच फरक पडला. थाळीवर नवी बनात चिकटवली.

वेग जुळवायला रेघांची चकती वापरतात. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी ७७ रेघांची चकती लागते. थाळी ७८ च्या वेगाला आली की त्या दिव्याखाली रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. चकती मी कागदावर छापून घेतली. पण घरातल्या एलईडी दिव्यांखाली काहीच दिसेना. अनेक एलईडी विजेच्या लयीत पुरेसे लुकलुकत नाहीत. जुनी चोकवाली ट्यूबलाइट देवघरात होती, तिच्याखाली यंत्र नेलं तेव्हा काम झालं. तीही नसेल तर थाळीच्या कडेला कागदाचा कपटा लावा आणि मोजा : वीस सेकंदांत २६ फेऱ्या. हे तबकडी लावून, पिन टेकवूनच करायचं, कारण पिनच्या ओझ्याने वेग थोडा उतरतो.

मध्यंतरी अमेरिकेतल्या चुलत भावाचा फोन आला, "तयार झाला की मला पाठव, इथे दिवाणखान्यात ठेवतो." तेव्हा नियम बघितले. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं पुरी झालेली कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू तितकी जुनी नसेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घेता येतो, त्यासाठी त्यांचे तज्ज्ञ वस्तू तपासतात. आमचं यंत्र शंभरीच्या अगदी काठावरचं दिसतं. शिवाय लाखेचं पॉलिश आणि सरसाचे सांधे तिकडच्या हीटरच्या कोरड्या हवेत कसे राहतील ही मला धास्ती. दादाला तसं सांगितलं. तो समजूतदार, म्हणाला, "मग मीच ऐकायला येतो." तुमच्या घरातून असं काही परदेशी जायचं असेल तर तिकीट काढण्याआधी दाखल्याची चौकशी करा, विमानतळावर ते सोडवता येत नाही.

जानेवारीत पहिल्यांदा तबकडी लावली ती अब्दुल करीम खाँसाहेबांची, ओडियनची. गायक खाँसाहेब मिरजेत स्थायिक झालेले, त्यांची कबरही मिरजेत दर्ग्याच्या आवारात आहे. १९३७ मध्ये ते गेले, म्हणजे तबकडीतला आवाज त्याआधीचा. आत्या, चाचा, मिस्त्री, सुतारकाका, हार्मोनियमवाले, सगळ्यांना बोलावलं होतं. पहिली काही सेकंद नुसती खरखर, मग तंबोरा, आणि मग तो बारीक, टोकदार, सुरात बुडालेला आवाज खोलीभर पसरला. चाचांनी डोळे मिटले आणि हात नकळत मांडीवर ठेका धरू लागला. तीन मिनिटांच्या आसपास बाजू संपते. संपल्यावर मिस्त्री उठून गव्हर्नर बघायला पुढे आले, "वेग शेवटपर्यंत पडला नाही," म्हणाले, आणि पुन्हा लावायला सांगितलं.

वाजवताना पाळायच्या दोन गोष्टी. पोलादी पिन प्रत्येक बाजूला नवी. ती मुद्दाम मऊ पोलादाची असते, झिजून खाचेचा आकार घेते, आणि दुसऱ्यांदा वापरली तर तिची झिजलेली धार खाच कापते. शंभर पिनांची डबी तेव्हा तीनशे-साडेतीनशेला मिळाली. आणि पुढच्या काळातल्या एलपी, म्हणजे व्हिनाइलच्या तबकड्या, या यंत्रावर कधीही लावू नका, साउंडबॉक्सच्या वजनाने एका फेरीत खराब होतात.

सगळा हिशेब चौदा हजारांच्या आत बसला. बाजारात नवा कर्णा आणि नवी पेटी लावून जुन्याच्या नावाने विकली जाणारी यंत्रं यापेक्षा कमी पैशांत मिळतात. विकत घ्यायचं असेल तर मोटर बाहेर काढून दाखवायला सांगा आणि पेटीच्या आतल्या बाजूचं लाकूड बघा. बाहेरून जुनं आणि आतून कोरं असेल तर सोडून द्या.

एक काम राहिलं आहे. तबकडी संपली की थाळी आपोआप थांबवणारा ब्रेक आमच्याकडे अजून नीट पकडत नाही, त्याची एक पट्टी झिजली आहे. मिस्त्रींनी ती मोजून नेली आहे, पावसाळ्याआधी करून देतो म्हणाले. तोवर तबकडी संपताना कुणीतरी जवळ उभं राहतं, बहुतेक वेळा आत्याच.